सिबिल खराब आहे म्हणतात? आधी रिपोर्ट वाचा: मागवण्यापासून दुरुस्तीपर्यंत

"तुमचं सिबिल बसत नाही." बँकेत एवढं ऐकलं की कितीतरी माणसं पुढे काही न विचारता परत फिरतात. मग कुणी सावकाराचं दार धरतं, कुणी घरातलं सोनं तारण ठेवतं, तर कुणी 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातावर पैसे टेकवतं. रिपोर्ट मात्र यांतल्या जवळजवळ कुणीच उघडून पाहिलेला नसतो. सांगली-सातारा भागातल्या ओळखीच्या लोकांचे रिपोर्ट मी वाचून देतो. त्यांत खरी थकबाकी असलेले असतातच. पण भलत्याचंच कर्ज नावावर आलेले, कर्ज फिटूनही खातं चालू दिसणारे, कधीकाळी सही केलेल्या जामीनकीपायी अडकलेले लोकही वरचेवर भेटतात. या चुका दुरुस्त होतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. फक्त कुणाकडे, कोणत्या क्रमाने आणि काय हातात घेऊन जायचं हे माहीत असायला हवं.

हा रिपोर्ट लिहितं कोण

जमिनीला जसा सातबारा, तसा आपल्या कर्जव्यवहाराचा उतारा म्हणजे हा क्रेडिट रिपोर्ट. त्यातल्या नोंदींवरून जो गुणांक काढतात तो स्कोअर. कुणाकडून किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर गेले का, आज किती बाकी आहे, कुणाला जामीन राहिलात, अलीकडे कुठे कुठे कर्ज मागितलं, हे सगळं त्यात असतं. बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेवी, शेती, पगार यांचा हिशेब त्यात नसतो. म्हणून दहा एकर बागायत असलेल्या माणसाचा स्कोअर पडलेला असू शकतो आणि भाड्याच्या खोलीत राहून दुचाकीचे हप्ते नेमाने भरणाऱ्याचा चांगला असू शकतो.

हे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचं काम २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालतं. सिबिल त्यांत सगळ्यात जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून आपल्याकडे सगळ्यालाच 'सिबिल' म्हणायची सवय पडली. पण चारही ठिकाणी तुमची फाइल वेगवेगळी असते आणि एकीत असलेली चूक दुसरीत असेलच असं नाही.

एक गोष्ट इथेच पक्की समजून घ्या, कारण पुढची सगळी खटपट तिच्यावर उभी आहे. या कंपन्या स्वतःहून काही लिहीत नाहीत. बँक, सहकारी बँक, फायनान्स कंपनी जी माहिती पाठवते तीच त्या मांडतात आणि त्या संस्थेने होकार दिल्याशिवाय नोंद बदलत नाहीत. म्हणजे चूक दुरुस्त करण्याची किल्ली कर्ज देणाऱ्या संस्थेकडे असते. एजंटाकडे ती असण्याचा प्रश्नच नाही.

रिपोर्ट मागवा, आणि फुकटच मागवा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक माणसाला कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत द्यायचा आहे. कंपन्या चार आहेत, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीचा मागवला तर वर्षभर खर्चाशिवाय लक्ष राहतं. मात्र घरकर्ज किंवा ट्रॅक्टरसाठी अर्ज करायचा असेल तर आधीच्या दोन-तीन महिन्यांत चारही मागवा. दुरुस्तीला वेळ लागतो. डीलरकडे बुकिंगची रक्कम भरून झाल्यावर चूक सापडली तर पंचाईत होते.

पद्धत सोपी आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा आणि वर्षातून एकदा मिळणाऱ्या मोफत रिपोर्टचा पर्याय शोधा. पॅनवर जसं नाव आहे तसंच नाव, पॅन क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल आणि ईमेल भरा. ओटीपी येतो, जुन्या कर्जाबद्दल एखाद-दुसरा प्रश्न विचारला जाऊ शकतो आणि रिपोर्ट उघडतो. वाटेत महिन्याचे, वर्षाचे सशुल्क प्लॅन पुढे येतात. ते घेण्याची काही गरज नाही. पैसे भरायचं पान आलं तर मागे फिरून मोफतचा पर्याय पुन्हा शोधा.

मोबाइलवरची अनेक ॲप्सही स्कोअर दाखवतात. त्यात गैर काही नाही, पण त्या बदल्यात तुमची माहिती वापरायची संमती दिली जाते आणि मग कर्जाच्या ऑफरचे फोन सुरू होतात. मी तरी थेट कंपनीच्या साइटवरूनच घ्या म्हणेन.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका, तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षं रिपोर्टला हात लावत नाहीत.

घरी जमत नसेल तर ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत जा, पण नोंदणी तुमच्याच मोबाइल नंबरवर आणि तुमच्याच ईमेलवर करा. काम झालं की तिथल्या कॉम्प्युटरवरची फाइल समोर उभं राहून काढून टाकायला लावा. त्या एका फाइलमध्ये तुमचा पॅन, पत्ता, जन्मतारीख आणि सगळी कर्जं असतात. ऑनलाइन ओळख पटतच नसेल तर फॉर्म भरून, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून पोस्टानेही रिपोर्ट मागवता येतो.

महिलांच्या गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या भगिनींनी सीआरआयएफ हाय मार्कचा रिपोर्ट आवर्जून पाहावा. मायक्रोफायनान्सच्या नोंदींचा तिथे मोठा साठा आहे. दर आठवड्याला हप्ता गोळा होतो, वहीत सही होते, पण तो तुमच्या नावावर जमा झाला का हे तिथे कळतं.

रिपोर्ट हाती आला की त्यावरचा कंट्रोल नंबर किंवा रिपोर्ट नंबर लिहून ठेवा. तक्रार करताना तो लागतो. आणि प्रिंट काढा. बारीक अक्षरांतले रकाने मोबाइलवर चुकतात. कागदावर पेन घेऊन बसलं की नजर थांबते.

पहिलं पान: नाव, जन्मतारीख, पत्ते

बहुतेक जण हे पान उलटून थेट स्कोअरकडे जातात. आपल्या भागात खरी गडबड इथूनच सुरू होते, म्हणून इथे जरा रेंगाळा.

एकेका गावात एकाच नावा-आडनावाचे तीन-चार पाटील, जाधव, शिंदे किंवा माने सहज सापडतात. त्यात जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. नाव तेच, जन्मतारीख १ जून, गाव आणि पिनकोड तोच. जुन्या कर्जाच्या नोंदीत पॅन नसेल तर दोन माणसांची खाती एका फाइलमध्ये मिसळायला एवढं पुरेसं असतं. तुमची जन्मतारीख १ जून असेल आणि नाव गावात आम असेल, तर रिपोर्टमधलं प्रत्येक खातं 'हे माझंच का' असं विचारत तपासा.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांचं उलट होतं. माहेरच्या नावाने घेतलेलं शैक्षणिक कर्ज एका फाइलमध्ये आणि सासरच्या नावाने घेतलेलं सोनेतारण दुसरीत, असे दोन तुकडे पडतात आणि चांगला इतिहास असूनही तो मोजला जात नाही. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, आडनाव आधी की नंतर, 'व्ही' की 'डब्ल्यू', यांनीही फरक पडतो. पॅन, आधार आणि बँक खातं यांतलं नाव आधी एकसारखं करून घ्या, मग संस्थेला दुरुस्तीचं पत्र द्या.

पत्त्यांचा रकाना वाचताना आधी आठवा, मग घाबरा. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. तमिळनाडूतला पत्ता दिसला म्हणजे फसवणूकच असं नाही, तो दुकानाच्या वेळचा असू शकतो. साताऱ्यात अपशिंगेसारख्या गावांत घरटी फौजी आहेत, त्यांच्या रिपोर्टमध्ये पोस्टिंगचे पत्ते येणारच. जुना खरा पत्ता चूक नव्हे. ज्या गावाशी तुमचा कधीच संबंध आला नाही ते गाव, किंवा तुमचा नसलेला मोबाइल नंबर, याला मात्र लाल खूण करा. पॅन क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा.

खात्यांची पानं: मुख्य मजकूर इथे

प्रत्येक कर्जाचा एक चौकोन असतो. आधी चालू खाती घ्या, मग बंद झालेली. घरातल्या कर्जाच्या फाइली, पासबुकं, बंद खात्यांचे दाखले समोर ठेवा आणि एकेक खातं जुळवा.

संस्थेचं नाव ओळखीचं नसेल तर लगेच 'माझं नाही' म्हणू नका. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत विलीन झाल्या. कर्ज घेतलं एका नावाने आणि रिपोर्टमध्ये दिसतंय दुसऱ्या, हे म्हणून घडतं. शोरूममधून हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचंही तेच. दुकान विट्याचं, पण कर्ज कुठल्या तरी फायनान्स कंपनीचं. ती पावती शोधा. उलट बाजूने हेही पाहा की एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन खाते क्रमांकांनी दोनदा लागलेलं नाही ना. तसं असेल तर तुमच्यावर प्रत्यक्षापेक्षा दुप्पट बोजा दिसतो.

मग मंजूर रक्कम, आजची बाकी, थकीत रक्कम, खातं उघडल्याची व बंद झाल्याची तारीख, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख. फिटलेल्या कर्जात बाकी आणि थकीत दोन्ही शून्य हवं आणि बंद झाल्याची तारीख भरलेली हवी. तारीख रिकामी म्हणजे खातं त्यांच्या लेखी अजून चालू आहे.

'माहिती कळवल्याची तारीख' हा रकाना लोक सोडून देतात. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांना दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची माहिती पाठवावी लागते. ती पाठवायला सात दिवस आणि कंपनीला ती चढवायला पाच दिवस असतात. तेव्हा कालच कर्ज फेडलं आणि आज ते रिपोर्टमध्ये दिसत नाही, ही चूक नाही. महिना-दीड महिना जाऊ द्या. पण तारीख एक वर्षापूर्वीची असेल आणि तुम्ही मधल्या काळात हप्ते भरलेत, तर ती पकडण्यासारखी चूक आहे.

त्याखाली महिन्यांची जाळी दिसते. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याचे ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात आणि प्रत्येकात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. ००० म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. एसटीडी हे अक्षरही चांगलंच. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही, यात तुमचा दोष नाही. एसएमए म्हणजे खातं बिघडायला लागलंय. एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरं दिसली तर खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरवलेलं आहे.

साधारणपणे ९० दिवसांहून जास्त थकलं की कर्ज अनुत्पादक होतं. पीककर्जाला मात्र हा नियम लागत नाही. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकल्यावर तशी नोंद करायची असते. तुमचं पीककर्ज तीन महिन्यांतच अनुत्पादक दाखवलं असेल तर शाखेत जाऊन कोणत्या वर्गात टाकलंय ते विचारा.

शेवटी कर्जासाठी झालेल्या चौकशा. तुम्ही अर्ज केला नव्हता अशा संस्थेचं नाव इथे असेल तर तारीख लिहून घ्या. शोरूममधला माणूस कधी एकाच खरेदीसाठी तीन-चार कंपन्यांना विचारतो, त्याच्या नोंदीही इथेच येतात.

आपल्याकडे वारंवार दिसणाऱ्या अडचणी

जामीनकी सगळ्यात आधी. भावकीत, मित्रांत, सहकाऱ्यांत एकमेकांना जामीन राहणं ही आपली रीत आहे आणि ती वाईट नाही. पण बँकेच्या कर्जाला राहिलेली जामीनकी तुमच्या रिपोर्टमध्ये येते. खात्याच्या चौकोनात 'मालकी' या रकान्यात वैयक्तिक, संयुक्त किंवा जामीनदार असं लिहिलेलं असतं. तिथे दोन चुका होतात. जामीनदाराला थेट कर्जदार दाखवलेलं असतं, किंवा मूळ कर्ज फिटून, जामीनदार बदलून घेतल्यावरही तुमचं नाव राहिलेलं असतं. दोन्ही दुरुस्त करून मिळतात. पण कर्ज खरंच थकलं असेल आणि तुम्ही खरंच जामीन असाल, तर ती नोंद खरी आहे. ती काढायची तर मूळ कर्जदाराला भरायला लावणं हाच मार्ग.

दुसरी, नवं-जुनं. मार्चअखेर पीककर्ज भरून पुन्हा उचलायची पद्धत घरोघरी आहे. त्यात जुना खाते क्रमांक बंद होऊन नवा पडला, पण जुना रिपोर्टमध्ये बंद झाला नाही, की तोच थकीत दिसायला लागतो. उसाच्या बिलातून कपात होऊन कर्ज भरलं जातं तिथे आणखी एक तपासा. कारखान्याने कपात केल्याची तारीख आणि कर्ज खात्यावर जमा झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे? बिलाची पट्टी जपून ठेवली असेल तर हे दाखवता येतं.

तिसरी, कर्जमाफी. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, यांत लाभ मिळाला असेल तर ते खातं रिपोर्टमध्ये कसं दाखवलंय ते पाहा. शासनाची रक्कम जमा होऊनही थकीत आकडा तसाच असेल तर शाखेकडून खातेउतारा घ्या. त्यात शासनाची जमा दिसते, तोच तुमचा पुरावा.

आणि सातबारा. बँकेचा दाखला देऊन तलाठ्याकडून इतर हक्कातला बोजा कमी करून घेतला की माणूस निर्धास्त होतो. पण त्या नोंदीचा क्रेडिट रिपोर्टशी काही संबंध नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे नाव मोकळं झालंय का पाहावं लागतं. तसंच पतसंस्थांचं. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत आणि बहुतेकींची कर्जं या रिपोर्टमध्ये नसतात. म्हणजे पतसंस्थेत तुम्ही कितीही चोख असलात तरी त्याचं श्रेय इथे मिळत नाही.

कधीच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा एनएच येतं. तो काळा डाग नाही. इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने संस्थांना सांगितलेलं आहे. शाखेत तसं कारण दिलं तर हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

चूक आणि खरी पण नकोशी नोंद

'सेटल्ड' हा शब्द अनेकांना गोड वाटतो. 'मिटलं' असा अर्थ घेऊन ते खूश असतात. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ पूर्ण रक्कम न घेता तडजोडीने खातं बंद केलं असा आहे आणि पुढचा कर्ज अधिकारी तो शब्द पाहून थबकतो. 'रिटन ऑफ', म्हणजे वसुलीची आशा सोडून बुडीत म्हणून लिहून टाकलेलं कर्ज, त्याहून वाईट. वसुलीवाल्याने 'निम्मे भरा, मोकळे व्हा' म्हटल्यावर तुम्ही भरले असतील तर 'सेटल्ड' ही नोंद खरी आहे आणि तक्रारीने ती निघणार नाही. संस्थेकडे जाऊन उरलेली रक्कम किती ते लेखी मागा, ती भरा, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगा. पूर्ण रक्कम भरूनही 'सेटल्ड' दिसत असेल तर ती मात्र शुद्ध चूक आहे, तिच्यामागे लागा.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तो कमी का दिला, या प्रश्नाला तक्रारीत जागा नाही. नोंद सुधारली की स्कोअर आपोआप हलतो.

दुरुस्तीचा अर्ज

दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी अर्ज करा. ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या साइटवर तक्रार नोंदवा, ती मोफत आहे. रिपोर्टमधलं खातं निवडायचं, कोणता रकाना चूक आहे ते सांगायचं आणि बरोबर माहिती लिहायची. तक्रार क्रमांक मिळतो. त्याच वेळी कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी अर्ज द्या. शाखेत तोंडी सांगून 'करतो साहेब' यावर विसंबू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नाही तर दिवस मोजता येत नाहीत. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

अर्ज लांबलचक नको. असा पुरतो:

"मा. शाखाधिकारी यांस, माझ्या नावे आपल्या शाखेत कर्ज खाते क्रमांक अमुक होते. सदर कर्ज अमुक तारखेस पूर्ण फेडले असून आपण दिलेला थकबाकी नसल्याचा दाखला व खातेउतारा सोबत जोडला आहे. तरीही अमुक कंपनीच्या अमुक तारखेच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, कंट्रोल नंबर अमुक, हे खाते चालू व इतकी रक्कम थकीत असल्याचे दिसते. कृपया चारही पतमाहिती कंपन्यांना दुरुस्त माहिती कळवावी व तसे कळवल्याचे मला लेखी द्यावे. विनंती मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे."

'चारही' हा शब्द विसरू नका. एकीकडे दुरुस्त होऊन तिघींकडे तसंच राहिल्याचं पुढच्या कर्जाच्या वेळी कळतं. सोबत रिपोर्टचं ते एकच पान जोडा, खुणेसह. बाकीची खाती शाखेला दाखवायचं कारण नाही.

आता मुदतीकडे या. संस्था आणि कंपनी मिळून ३० दिवसांत तक्रार निकाली काढायची आहे. त्यातले २१ दिवस संस्थेला, दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेने हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि २६ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. संस्थेने २१ दिवसांत माहिती पाठवली नसेल तर भरपाई संस्थेने द्यायची, पाठवूनही कंपनीने अडवली असेल तर कंपनीने. समजा, ३ मार्चला तक्रार केली. २४ मार्चपर्यंत संस्थेची मुदत, २ एप्रिलला ३० दिवस पूर्ण. दुरुस्ती १७ एप्रिलला झाली तर १५ दिवसांचे १,५०० रुपये. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामाच्या दिवसांत ते खात्यात यायला हवेत. रक्कम मोठी नाही, पण ती मागा. मागणारे वाढले की शाखांतली दिरंगाई कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

कर्जच तुमचं नसेल तर

पॅनची झेरॉक्स कुठे कुठे दिली याचा हिशेब कुणालाच लागत नाही. तिचा गैरवापर होऊन कर्ज उचललं गेलं असेल तर वर सांगितलेल्या अर्जात आणखी तीन गोष्टी मागा: कर्ज देताना घेतलेली ओळखीची कागदपत्रं आणि फोटो, कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा केली त्या खात्याचा तपशील, आणि वापरलेला मोबाइल नंबर. तुमचा फोटो नाही आणि पैसे तुमच्या खात्यात आले नाहीत, एवढं कागदावर आलं की बाजू भक्कम होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच अर्जाला जोडा. आणि वसुलीवाल्याच्या दबावाखाली 'तेवढे दोन हजार भरून टाकू' असं करू नका. एक हप्ता भरला की कर्ज तुम्ही मान्य केलं, असं पुढे म्हटलं जाऊ शकतं.

तरीही दाद मिळाली नाही तर

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून तिच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर होते, वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. चंडीगडच्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात पोस्टाने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत चालते, तेव्हा मराठीत लिहायला संकोच करू नका. मात्र आधी संस्थेकडे तक्रार केल्याची पोच लागते, ती नसेल तर अर्ज परत येतो. उशीर न करता जा, या तक्रारीलाही मुदत असते.

दुरुस्ती झाल्यावर

'झालं' असा मेसेज आला तरी रिपोर्ट पुन्हा पाहा. तो एकच रकाना नको, पूर्ण खातं वाचा. कधी बाकी शून्य होते पण महिन्यांच्या जाळीतले थकीत आकडे तसेच राहतात. ते आकडे चूक असतील तर त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागतं.

मोबाइल नंबर आणि ईमेल बँकेत ताजा ठेवा. कुणी तुमचा रिपोर्ट मागवला, किंवा संस्थेने तुमच्या नावावर थकबाकी कळवली, तर मेसेज यायला हवा असा नियम आहे. जुन्या सिमवर गेलेला मेसेज काय कामाचा?

थकबाकी नसल्याचे दाखले फेकू नका. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते, तुमचा दाखला त्याहून जास्त टिकायला हवा. शाखा बदलतात, बँका विलीन होतात, अधिकारी बदलून जातात. मग २०१९ मध्ये कर्ज फिटलं हे सांगणारा एकच साक्षीदार उरतो, तुमच्या ट्रंकेतला तो कागद.

आणि कर्जाचा अर्ज आधीच नाकारला गेला असेल तर त्याच शाखेत पुन्हा जा. तुमच्या अर्जासाठी त्यांनी जो रिपोर्ट काढला त्याची प्रत मागायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. शाखेच्या फाइलमध्ये तोच जुना कागद लागलेला असतो आणि नवा काढा म्हणून सांगितल्याशिवाय कुणी काढत नाही. दुरुस्त झालेल्या रिपोर्टची प्रत आणि संस्थेचं पत्र जोडून, नवा रिपोर्ट मागवून अर्जाचा फेरविचार करावा, असं लेखी द्या, आणि त्याचीही पोच घ्या.